वन्संची जागा

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. भुताखेतांच्या गप्पा रंगवणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते करमणुकीसाठी नाही, एवढं वाचणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावं.

घटना गेल्या हिवाळ्यातली. वेळ तिन्हीसांजेची. जागा... आमच्या घराचं तळघर.

त्या दिवशी घरात असलेली सगळी माणसं आज हयात आहेत. कुणालाही विचारावं.

फक्त वन्संना विचारू नये.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. माणूस गरीब. घरात आहेत की नाहीत, ते गुडघ्यांना चोळलेल्या बामाच्या वासावरून कळायचं, इतका त्यांचा वावर हलका.

तळघर ह्यांनी बांधलं. अणुयुद्धाची भीती सगळ्यांनाच वाटते. ह्यांनी तिच्यापायी सिमेंट आणलं. जाड भिंती, वर मातीचा थर, लोखंडी दार. हवा आत ओढायला हाताने फिरवायचा पंखा, त्याची नळी हवा गाळणाऱ्या वाळूच्या पेटीतून अंगणात निघते. सगळा हिशेब चौघांचा. पुढे नात चिमी झाली, वन्सं आल्या, आणि कोपऱ्यात घडीची एक लोखंडी खुर्ची वाढली.

हे गेले. नियम मी चालवले.

भोंगा वाजला की मोबाइल, बॅटरी आणि रेडिओ पत्र्याच्या डब्यात बंद. अणुस्फोटाच्या झटक्याने अशी यंत्रं निकामी होतात, असं ह्यांचं म्हणणं. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत डबा उघडायचा नाही. मग काळोखात मी हजेरी घेणार. सगळ्यांचं 'हजर' आलं की दाराला अडसर. अडसर पडला की दार उघडायचं नाही... बाहेर कुणीही असो.

हा शेवटचा नियम ह्यांचा नव्हता. माझा होता.

त्या दिवशी दुपारी सीमेवरच्या बातम्या वाईट होत्या. जेवताना मुलाने विचारलं, "आई, खरंच वेळ आली तर खाली किती दिवस निघतील?"

"हवा चौघांची आहे," मी म्हटलं. "चिमीला अर्धी धरली तरी आपण साडेचार. पाचवं माणूस आपल्याला महाग पडणार."

सूनबाई कुजबुजली, "आई, हळू बोला ना."

"मी खरं बोलते. हळू बोलायची मला सवय नाही."

स्वयंपाकघरात भांडी विसळल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी भोंगा वाजला.

चाचणीचा भोंगा असतो तसा तो नव्हता. चढ-उतारांचा, न थांबणारा. त्याच्याबरोबर वीजही गेली. मी डबा बंद केला आणि सूनबाईला वर पिटाळलं, "आत्याबाईंना घेऊन ये. ताबडतोब."

मुलगा, चिमी आणि मी तळघरात शिरलो. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि सूनबाईचा आवाज आला. ती धापा टाकत होती.

"आणलं, आई. हात धरलाय मी त्यांचा. या आत्याबाई, इकडे कोपऱ्यात."

मी हजेरी घेतली.

"चिरंजीव."

"हजर."

"सूनबाई."

"हजर."

"चिमी."

"हजर, बाई," ती म्हणाली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची नक्कल करायची तिला खोड आहे.

"वन्सं."

...

"वन्सं?"

कोपऱ्यातून आवाज आला. "हजर."

मी अडसर टाकला.

मुलगा पंखा फिरवू लागला. घर्र... घर्र...

"आजी, बॉम्ब पडला की आधी आवाज येतो की उजेड?" चिमीने विचारलं.

"आधी उजेड."

"मग इथे बसून आपल्याला काहीच दिसणार नाही."

"तू चष्मा लावूनसुद्धा फळ्यावरचं बघत नाहीस," तिचा बाप म्हणाला. "इथे काय बघणार आहेस?"

ती खुदकन हसली. सूनबाईही हसली.

कोपरा हसला नाही.

मला काहीतरी खटकत होतं. काय, ते लवकर कळेना. एवढीशी बंद खोली, पाच माणसं... आणि बामाचा वास नव्हता.

सिमेंटचा येत होता. घामाचा येत होता. बामाचा नव्हता.

मी विचारणार, इतक्यात...

जिन्यावर पाऊल वाजलं.

एक पाऊल. मग थांबणं. मग दुसरं, फरपटत आलेलं.

दारावर तळहाताची थाप पडली. पलीकडून बारीक आवाज आला.

"वहिनी... दार लोटलं गेलंय वाटतं. मी बाहेरच राहिले हो."

पंखा थांबला.

"आई," मुलगा म्हणाला, "ही आत्या आहे."

"आत्या आत आहे." माझा आवाज मी शाळेत ठेवत असे तसा ठेवला. "वन्सं, तुम्ही आत आहात ना?"

"आहे की," कोपरा म्हणाला.

"मग बाहेर कोण आहे?"

कोपऱ्यातून शांतपणे उत्तर आलं. "कुणी का असेना. उघडू नका, वहिनी. हवा चौघांची आहे."

आवाज वन्संचा होता. शब्द माझे होते. दुपारचे.

"मी डबा उघडतो," मुलगा म्हणाला. "बॅटरी लावू आणि एकदा बघून घेऊ."

"डब्याला हात लावायचा नाही."

"अगं, एकच क्षण..."

"मी सांगितलं ना."

माझ्या मुलाचे केस कानापाशी पिकले आहेत. तरी झाकणावरून त्याने हात मागे घेतल्याचं मला ऐकू आलं.

एक झाकण उचलायचं होतं. यंत्रांची मला काळजी होती, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. वाचणाऱ्याला तसं सांगत नाही. मला उजेड नको होता. दोन सारखे आवाज होते. त्यातला एक मला उठायला सांगत होता. दुसरा सांगत होता की मी केलं तेच बरोबर.

बाहेरून पुन्हा थाप पडली. या वेळी हलकी.

"वहिनी, मला बसायला जागा नको. मी उभी राहीन..."

तळहात दारावरून घासत खाली आला.

"श्वाससुद्धा हळू घेईन मी. जास्त हवा नाही लागायची मला."

सूनबाई रडू लागली. चिमीने माझा पदर घट्ट धरला. मी जागची हलले नाही.

मग थापा थांबल्या. कुणीतरी पायरीवर जपून बसल्याचा आवाज आला, गुडघे दुखणारं माणूस बसतं तसा.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. कोपरा पुन्हा बोलला नाही. त्याच्या श्वासाचाही आवाज नव्हता.

शेवटी धोका टळल्याचा लांब भोंगा झाला. मुलाने मला न विचारता डबा उघडला आणि बॅटरीचा झोत कोपऱ्यात टाकला.

तिथे खुर्ची होती... घडी घालून भिंतीला टेकवलेली. वर धुळीचा सलग थर. कित्येक महिन्यांत ती कुणी उघडलेली नसावी.

सूनबाई आपल्याच तळहाताकडे बघत राहिली.

मी अडसर काढला. वन्सं सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर कपड्यांची पिशवी, अंगावर शाल. बामाचा वास भसकन आत आला. आम्हाला बघून त्या भिंतीकडे सरकल्या. आम्हाला वर जायला वाट व्हावी म्हणून.

रेडिओवर सांगितलं की इशारा चुकून दिला गेला. दिलगिरीला त्यांना एक वाक्य पुरलं.

वन्सं म्हणाल्या की भोंगा झाला तेव्हा त्या न्हाणीघरात होत्या. काळोखात चाचपडत एकट्याच खाली आल्या. त्यांना न्यायला कुणी आलंच नाही.

सूनबाई शपथेवर सांगते, "मी त्यांच्या खोलीपाशी गेले, हाक मारली आणि आतून हात पुढे आला."

"थंडगार होता का?" मी विचारलं. गोष्टींमध्ये तसा असतो म्हणून.

"नाही, आई. गरम होता. घामेजलेला. खूप भ्यायलेल्या माणसाचा असतो तसा."

काही दिवसांनी वन्सं आणि मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. विषय त्यांनीच काढला.

"आतला आवाज मीही ऐकला, वहिनी. दाराला कान लावला होता मी. हुबेहूब माझा. 'उघडू नका' म्हणाला."

मला सुटल्यासारखं झालं. "म्हणजे बघा. कुणीही फसलं असतं, वन्सं."

त्यांनी उशीचा अभ्रा हातावर सपाट केला.

"पोरं फसतील. त्यांचं काही नाही. पण वहिनी, या घरात आल्यापासून, अमुक करू नका असं मी तुम्हाला एकदा तरी म्हटलंय का?"

शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी उभ्या उभ्या उत्तरं दिलेली आहेत. त्या दुपारी मी घातलेलीच घडी मोडून पुन्हा घालू लागले. वन्सं रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या वाट्याच्या घड्याही घालून ठेवल्या.

भोंगे अजून होतात. चाचणीचे असतात, पण तळघरात जायचा शिरस्ता आहे. मुलगा, सूनबाई, चिमी आत जाऊन बसतात. मी जिन्याच्या तळाशी उभी राहून वर हाक मारते. माझा आवाज अजून खणखणीत आहे.

"वन्सं, चला."

"हो वहिनी, आलेच. तुम्ही व्हा पुढे."

त्या येत नाहीत.

त्या 'नको' असं अजूनही म्हणत नाहीत. नुसत्या येत नाहीत.

सूनबाईला त्यांना आणायला पाठवायचं माझं धाडस होत नाही. ती कुणाचा हात धरून आणेल, सांगता येत नाही. हजेरीही मी आता घेत नाही. आत किती जण बसले आहेत, ते मला जाणून घ्यायचं नाही.

मी दार उघडं धरून उंबऱ्यावर उभी राहते. आतून मुलगा म्हणतो, "आई, आत तरी ये, नाहीतर वर तरी जा."

मला दोन्ही जमत नाही.