वरच्या मजल्यावरचा समुद्र

छतातून गळणारं पाणी चाखून बघू नये, एवढं मला कळतं. पण मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि घरी माझ्या टेबलावर टपटपणारा तो थेंब सुकला की पांढरा डाग मागे ठेवत होता. राहवलं नाही. बोट टेकवलं, जिभेला लावलं... खारट!

तशीच जिना चढून वर गेले. दार उघडलं ते कोपरापर्यंत भिजलेल्या एका तरुणाने. खांद्यावर टॉवेल, हातात सुटलेली नळी.

"तुमचा समुद्र माझ्या टेबलावर येतोय," मी म्हटलं.

"सॉरी, सॉरी! नळी निसटली... पण समुद्राचं पाणी आहे, हे कसं कळलं तुम्हाला?"

"चाखलं."

तो बघतच राहिला. "छतातलं पाणी चाखलंत? आणि आमची आई मला म्हणते, वरचा मजला रिकामा आहे म्हणून!"

खिडकीपासून दूर, भक्कम टेबलावर हातभर लांबीची काचेची टाकी होती. आत वाळू आणि सच्छिद्र खडक. बस्स.

"मासे कुठायत?"

"इतक्यात नाही. आधी खडकावर जंतू वसायला हवेत. घाण पचवणारे."

"म्हणजे भाडेकरूंच्या आधी सफाई कामगार."

तो हसला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढणारा माणूस. समोरच्याच्या डोळ्यात जरा जास्तच वेळ बघायची सवय असावी. मीच नजर वळवली. "पाणी तपासून देईन मी," असं बोलून गेले.

"म्हणजे... परत याल?"

"पाण्यासाठी," मी घाईने म्हटलं.

मग रोज संध्याकाळी जिना. छोट्या बाटलीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि बदललेला रंग बघायला दोन डोकी एकाच दिव्याखाली. पाण्यातलं घाणीचं विष उतरलं, तेव्हा नारिंगी माशांची जोडी आली. बोटाएवढं मऊ प्रवाळ आलं – पाण्याबरोबर डुलणारं. आणि शेवटी लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली कोळंबी. हिचं काम साफसफाई. हात पाण्यात धरला की ती बोटांवर चढायची आणि नखं कोरायची.

मला इतक्या गुदगुल्या झाल्या की हात मागे घेतला. त्याने पाण्यातच माझं मनगट धरलं. "हलू नका... घाबरेल ती." कोळंबी निघून गेली. मनगट मात्र थोडा वेळ तिथेच राहिलं.

त्याच संध्याकाळी त्याने सांगितलं – आधीची टाकी त्याच्याच हातून गेली होती. पाणी आटलं की तो मिठाचं पाणी भरायचा. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. खारेपणा वाढत गेला आणि सगळं मेलं. "हीसुद्धा गेली, तर पुन्हा नाही मांडणार," तो म्हणाला. "जिवंत काही घरात आणायची आपली लायकी नाही म्हणायचं."

मी खारेपणाच्या मापकाचा काटा पुन्हा एकदा बघून घेतला. टाकी गेली तर जिना चढायला माझ्याकडे कारण उरत नव्हतं, एवढं मात्र लगेच ध्यानात आलं.

मग उकाड्याचा आठवडा आला. तो दुकानात असला की माशांना खाऊ घालायचं काम माझं, म्हणून किल्ली माझ्याकडे. एका संध्याकाळी खारेपणा मोजला, तर काटा वर! त्याने पुन्हा तीच चूक केली होती. त्याला कळलं तर...? दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गुपचूप आले, थोडं खारं पाणी उपसलं, साधं शुद्ध पाणी ओतलं. प्रयोगशाळेत प्रत्येक माप दोनदा घेणारी मी, पण ओतण्याआधी पुन्हा मोजलंच नाही.

संध्याकाळी दारावर थाप. त्याचा चेहरा उतरलेला. "वर चला. लवकर."

प्रवाळ आकसून बटणाएवढं झालं होतं. मासे कोपऱ्यात. आणि खडकाखाली, कुशीवर, निपचित – कोळंबी.

काटा पार खाली गेला होता. मी मिठाचं पाकीट उचललं—

"अगं थांब!" त्याने माझा हात धरला. "एकदम घातलंस तर उरलेलेही जातील!"

तो पहिल्यांदाच मला 'अगं' म्हणाला होता. ही काय असल्या गोष्टी टिपायची वेळ होती? पण टिपली.

बादलीत मिठाचं पाणी कालवून, नळीला गाठ मारून एकेक थेंब टाकीत सोडला. आम्ही जमिनीवर बसून राहिलो.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "काल घरी आलो तेव्हा काटा वर दिसला. तुला कसं सांगणार, की मी तोच मूर्खपणा परत केला? सकाळी गुपचूप साधं पाणी घातलं. अगदी मोजून घातलं होतं गं... मग एवढं खाली गेलं कसं?"

गप्प बसले असते, तर त्याला कधीच कळलं नसतं. तो आयुष्यभर स्वतःलाच दोष देत राहिला असता.

"कारण... मीही घातलं."

"काय?"

"आज दुपारी. तुला कळू नये म्हणून."

थेंब पडत राहिले.

"चूक माझी होती," तो हळूच म्हणाला. "ती तू का झाकत होतीस?"

"ही गेली तर पुन्हा मांडणार नाही म्हणालास ना? मग मी... कशाच्या निमित्ताने वर आले असते?"

तो उठला. पाण्यात हात घालून त्याने कोळंबीला अलगद बाहेर काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. वजनच नव्हतं तिला. पाठीवर चीर... आतून आरपार उजेड.

"अरे, ही रिकामी आहे!"

"म्हणजे?"

"कात! कात टाकलीय तिने!"

आम्ही दोघं टाकीवर ओणवे झालो. त्याने खिशातली छोटी बॅटरी खडकामागे मारली. दोन पांढऱ्या मिशा हलल्या. मागोमाग ती – कोरी, चकचकीत, जरा रुसलेली.

"काय हो प्रयोगशाळावाल्या बाई," त्याचा आवाज कापत होता, "प्रेत आणि कात यातला फरक कळत नाही?"

"आणि चष्मेवाल्यांना तरी कुठे दिसला?"

प्रवाळ अजून मिटलेलंच होतं. ते उघडेल की नाही, हे उद्याच कळणार होतं. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. विचारल्याशिवाय वापरली होती ना. त्याने माझी मूठ मिटवली आणि हात तसाच वर ठेवला.

"उद्या ये."

"मोजायला?"

"मोजायचं मी बघतो. तू नुसतीच ये."

त्याची बोटं खारट होती. मला कसं कळलं, ते विचारू नका.