अठराव्या घरट्याची अर्धी नोंद

वाळूत कुठेतरी कासवाची शहाण्णव अंडी होती, समुद्र त्यांच्या दिशेने चढत होता, आणि ती नेमकी कुठे आहेत हे सांगणारा संगणक बंद पडला होता. तो बंद केला होता दुर्वाने. तेही अगदी नियम पाळून!

साल होतं २०५८. कोंडखोलच्या किनाऱ्यावर अकरा वर्षांच्या दुर्वाचे आजोबा, डॉ. शशिकांत मयेकर, कासवांच्या अंड्यांची राखण करायचे. तरुणपणी त्यांनी संगणक घडवले होते. त्यांच्या मदतीला होता खेकडोबा, सहा पायांचा यंत्रमानव. त्याचा मेंदू मात्र झोपडीतल्या संगणकात होता. घरट्यांवर खुणेच्या काठ्या लावल्या की कोल्हे बरोब्बर तिथेच उकरायचे, म्हणून खुणा नव्हत्या. कोणतं घरटं कोणत्या खड्ड्यात आहे, हे फक्त संगणकातल्या तक्त्याला ठाऊक.

त्या संध्याकाळी मोठं उधाण येणार होतं. खेकडोबा खालच्या ओळीतली घरटी एकेक करून वरच्या ओळीत हलवत होता. इतक्यात तिसऱ्या घरट्यातून पिल्लं बाहेर पडली. कोंडखोलचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतो: पिल्लं निघाली की दिवे बंद, नाहीतर ती समुद्राऐवजी दिव्याकडे धावतात. दुर्वाला घाईत बटण सापडेना. तिने सरळ झोपडीचा मेन स्विचच खाली ओढला. पिल्लं सुखरूप समुद्रात गेली. खेकडोबा मात्र रिकामी टोपली घेऊन वाटेतच थिजला.

"डॉक्टर, पाणी चढता हा!" दादू तांडेल किनाऱ्यावरून ओरडत आला. त्याची होडी तिथेच लागायची. "अर्ध्या तासात खालची ओळ बुडतली!"

आजोबांनी वीज परत सुरू केली. संगणक जागा होऊ लागला. दुर्वाचे डोळे भरून आले.

"टोपली रिकामी आहे, आजोबा. म्हणजे खालच्या ओळीतलं शेवटचं, अठरावं घरटं उचलायचं राहिलंय, की वर ठेवून झालंय? आणि तक्ता अर्धवट लिहिलेला असेल तर? मी मारलं ना त्या पिल्लांना?"

"अगं, दिवा झटकन घालवणारी माणसं हवीतच की," आजोबा म्हणाले. "वीज गेल्यावर संगणक चालवणारी नवी बॅटरी आणायची म्हणून पंधरा दिवस मीच आज-उद्या करतोय. चूक आपण दोघं वाटून घेऊ. ये, जवळ बस."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'जर्नल तपासत आहे'.

"जर्नल म्हणजे?"

"संगणकात फाइल व्यवस्था असते (कोणती माहिती कुठे ठेवली आहे ते सांभाळणारी पद्धत). कोणताही बदल करायचा तर ती खऱ्या तक्त्याला एकदम हात लावत नाही. आधी जर्नलमध्ये (कामाआधीच्या नोंदवहीत) लिहिते, मी अमुक अमुक करणार आहे. नोंद पुरी झाली की शेवटी एक खूण करते. मग खऱ्या तक्त्यात सवडीने बदल करते."

"दोनदा लिहायचं? उगाच डबल काम!"

"वीज जाईपर्यंत तसंच वाटतं खरं. आता सतरावं घरटं बघ. तक्त्यात त्याच्यापुढे जागा कोरी आहे: जुना खड्डा खोडला गेला, नवा लिहायच्या आत तू स्विच ओढलास. जर्नल नसतं तर हे घरटं कुठेच नसतं."

पडद्यावर ओळ आली: 'घरटं सतरा, खड्डा चार खोडा, खड्डा एकतीस लिहा. खूण आहे.' खाली लगेच उमटलं: 'काम पुन्हा पूर्ण केले.'

"खूण असेल तर ते काम पहिल्यापासून पुन्हा करायचं. अर्धं आधीच झालं असलं तरी बिघडत नाही. खोडलेलं पुन्हा खोडलं तर काय होणार?"

पुढची ओळ होती: 'घरटं अठरा, खड्डा सहा खोडा, खड्डा'. बस्स. वाक्य तिथेच तुटलं होतं. खाली आलं: 'खूण नाही. नोंद सोडून दिली.'

"सोडून दिली?" दुर्वा किंचाळली. "म्हणजे ती अंडी..."

"घाबरू नकोस. विचार कर. खेकडोबा अंड्यांना हात कधी लावतो?"

दुर्वाने नाक पुसलं. "संगणकाने हुकूम दिला की. आणि संगणक हुकूम देतो..."

"खूण झाल्यावरच."

"मग खूण नाही म्हणजे हुकूमच गेला नाही! अंड्यांना कुणी हात लावलाच नाही. तक्त्यात जुनंच आहे आणि ते खरं आहे. खड्डा सहा!"

आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"संगणक दिवसभर टिपतो ते वाळूच्या तापमानाचे आकडेही मिळतील त्यात?" दुर्वाने उठता उठता विचारलं.

"नाही गं. शेवटच्या काही मिनिटांचे गेले. आपल्या जर्नलमध्ये तक्त्यातले बदल तेवढे असतात, सगळी माहिती नसते. आणि जागाही ठरलेली. काम झालं की जुन्या नोंदीवरच नवी लिहितात. जर्नल तक्ता मोडता मोडता वाचवतं, सगळं जपून मात्र ठेवत नाही."

खेकडोबाला एका घरट्याला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ कुणाकडे होता? दुर्वाने पटकन 'खड्डा सहा खोडा, खड्डा बत्तीस लिहा' अशी नवी नोंद केली, खूण उमटेपर्यंत थांबली, आणि मग तिघंही खालच्या ओळीकडे धावली. पाणी दहा पावलांवर होतं. हातभर वाळू उपसल्यावर पांढरी, गोल अंडी लागली. अंडं उलटलं तर आतलं पिल्लू दगावतं, म्हणून आजोबा एकेक अंडं होतं तसंच उचलून टोपलीत ठेवत होते. दुर्वा मोजत होती. ती एकदाही चुकली नाही.

"पंचाण्णव... शहाण्णव!"

"चल गो बाय, बेगीन!" दादूने टोपली छातीशी धरली आणि तो वरच्या ओळीकडे चालू लागला.

खड्डा बत्तीस बुजवून झाला, तेव्हा दुर्वाचे गुडघे वाळूने माखले होते.

"यातली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला इथेच येतील ना?"

"वाचली तर येतील. पंधराएक वर्षांनी."

"तेव्हा मी सव्वीस वर्षांची असेन. तक्ता मीच सांभाळेन."

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. खाली पहिली मोठी लाट आली, सहाव्या खड्ड्यात शिरली, गरगर फिरली आणि फेस टाकून मागे गेली.

"रिकामा होता, आजोबा," दुर्वा हळूच म्हणाली.

"हो बाळा. रिकामा होता."