सात नंबरची विहीर का आटली

सात नंबरच्या विहिरीतून येणारा नैसर्गिक वायू निम्म्यावर आला आणि आळ आला आप्पांवर.

आप्पा त्या विहिरीचे तीस वर्षांचे राखणदार. नोकरीत मुदतवाढ नाकारली म्हणून रागाच्या भरात त्यांनी पाइपात काहीतरी टाकलं, असं व्यवस्थापकाचं म्हणणं. आप्पांच्या सुनेने एका खासगी तपासनीस बाईला बोलावून घेतलं. घरात तिला धाकटीच म्हणत. तिची पिशवी सांभाळत मागून आला तिचा थोरला भाऊ, दादा. चित्रकला शिक्षक.

फाटकातच दादाला गलबलून आलं. त्यांचे वडील इथेच कामाला होते. शाळा सुटली की दोघं भावंडं या कुंपणाला नाक लावून उभी राहायची. तरुण आप्पा त्यांना पाइपाला कान लावायला सांगायचे. "ऐका, कशी घोरतेय!"

आता आप्पा बाकावर मान खाली घालून बसले होते.

व्यवस्थापकाच्या खोलीत, त्याच्या डोक्यावरच चौकट टांगली होती: 'विक्रमी उत्पादनाबद्दल अभिनंदन'. तारीख गेल्या वर्षीची.

"पाइपात मापकयंत्र सोडलंत?" धाकटीने विचारलं.

"तळापर्यंत. कुठे अडकलं नाही."

"आणि चोकचं चाक? वायू कमीजास्त सोडायचं?"

"त्याला कोणी हात लावलेला नाही."

बाहेर विहिरीवर आल्यावर दादा मात्र त्या चाकापाशीच रेंगाळला. तबकडीवर अठराच्या आकड्यावर लाल रेघ होती.

"ही मर्यादेची रेघ बाबांनी ओढलेली गं! रंग मीच कालवून दिला होता."

"काटा कुठे आहे, दादा?"

"चाळीसवर. का?"

धाकटी नुसती हसली.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी वही उघडली. "वायू निम्मा झाला, पण त्याच्याबरोबर येणारं पातळ तेल पाव हिश्शावर आलंय. गंमत म्हणजे, आठवडाभर बंद ठेवली की विहीर दोन दिवस छान वाहते. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

संध्याकाळी सगळे व्यवस्थापकाच्या खोलीत जमले.

"पाइप मोकळा आहे, म्हणजे त्यात कोणी काही टाकलं नाही," धाकटी म्हणाली. "वाट अडलीय ती पाइपाबाहेर, खडकात. तिथल्या वायूत तेल मिसळलेलं असतं. दाब फार उतरला की ते दवासारखं सुटतं, खडकाच्या बारीक छिद्रांत साचतं आणि वायूला वाट राहत नाही. म्हणून वर येणारं तेल कमी. विहीर बंद ठेवली की दाब चढतो, थोडं तेल परत वायूत मिसळतं, म्हणून ते दोन दिवस."

"पण दाब उतरला कशाने?" दादाने विचारलं.

"तूच दाखवलंस की! बाबांची रेघ अठरावर, काटा चाळीसवर. चोक इतका उघडला की आधी धो धो वायू येतो. त्याचंच अभिनंदन भिंतीवर आहे. साहेब, चाकाला कोणी हात लावला नाही म्हणालात?"

व्यवस्थापकाचा चेहरा उतरला. तोवर आप्पाच बोलले.

"हात माझाच, ताई. साहेबांनी तोंडी सांगितलं, उघडा. दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा फिरवलं. माझ्या विहिरीचा गळा मीच दाबला. कुठल्या तोंडाने बोलणार होतो?"

"असं होईल याची मला खरंच कल्पना नव्हती," व्यवस्थापक पुटपुटला.

"कल्पना नव्हती, ही चूक झाली. पण चाक तुम्हीच फिरवायला लावलंत हे ठाऊक असताना दुसऱ्यावर आळ घेतलात," धाकटी म्हणाली.

व्यवस्थापकाने कागद ओढला आणि आरोप मागे घेतल्याचं लिहून सही केली.

"सुधारेल का गं ती?" दादाने हळूच विचारलं.

"चोक आवळला तर थोडीफार. पहिल्यासारखी नाही."

आप्पा उठले. दारात थांबून व्यवस्थापकाकडे वळले.

"चला साहेब. कुठवर आवळायचं ते दाखवतो. माझ्यानंतर तुम्हालाच बघायचंय."