कोरडा रुमाल

"सुरी लावायची असंन, तर आधी कातडं इकत घ्या!"

धाडच्या बाजारात कोकिळेने समोरच्या तरुणाचे मनगट धरले आणि... आपण कोणाचा हात धरला हे ध्यानात येताच झटकन सोडले. त्याच्या एका हातात सुरी होती. दुसऱ्या हाताने त्याने नाकाशी पांढराशुभ्र रुमाल धरला होता. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षे झाली होती. चर्मोद्योग सहकारी संस्था त्याहून नवी, आणि तिचा हा पारखी गुलाबराव तर सर्वांत नवा.

"कड कापल्याबिगर पांढरी रेघ कशी दिसन? आतून कच्चं असलं तर?"

"दलालबी असंच म्हनतात. कापतात, अन् मंग कापेल कातड्याले अर्धा भाव देतात."

मागे तिचे काका उकंडराव खाकरले. वडील गेल्यापासून कातडी कमावण्याचा हौद कोकिळाच सांभाळीत होती. बाभळीची साल कुटणे, कातडे मुरवणे, उलटणे, सारे तीच करी. परंतु बाईच्या हातचे म्हणून तिचा माल दोन बाजार परत आला होता. आज पहिल्या प्रतीचा शिक्का मिळाला नाही, तर हौद बुजवायचा, असे काकांनी ठरवले होते. मातीची गाडीदेखील सांगून ठेवली होती.

"मंग पारखू कसं?" गुलाबरावांनी विचारले.

"मोटेचं कातडं हाय. पानी भरून टांगते. बाजार उठेपर्यंत एक थेंब पडला, तर फुकट न्या."

तीन लाकडी बल्ल्यांना कातड्याची झोळी टांगली गेली. तीत सहा घागरी पाणी ओतले. गुलाबरावांनी नाकावरचा रुमाल काढून झोळीखाली अंथरला आणि शेजारी बैठक मारली.

"वास येईन," ती म्हणाली.

"येऊ द्या. रुमालावर थेंब लपत नाही."

ऊन कलू लागले.

"कातड्याकडं पाहा," ती मान न वळवता म्हणाली.

"कातडंच पाहून राह्यलो... मधात तुम्ही येता."

उकंडरावांना ते रुचले नाही. "पोरी, हाताच्या या वासानं तुले कोन पत्करन?"

"ज्याले वास सोसत नाही, त्याच्या घरी मी कायले जाऊ?" तिचा आवाज साऱ्या रांगेने ऐकला. "पत्करायचं तर हौदासंगट!"

गुलाबरावांचे कान लाल झाले.

बाजार उठला. काकांनी स्वतः रुमाल चाचपला, उलटून पुन्हा चाचपला. कोरडा ठणठणीत! गुलाबरावांनी कातड्यावर पहिल्या प्रतीचा शिक्का उमटवला.

"आता लावा सुरी," ती म्हणाली. "तुमचंच झालं ते."

"मले गरज नाही."

"तुमाले नसंन. मले हाय!"

तिने सुरी घेतली आणि मानेकडची जाड कड सपकन कापून साऱ्यांसमोर धरली. वरपासून खालपर्यंत एकच तांबूस रंग... पांढरी रेघ कुठेच नव्हती. दलालांनी माना फिरवल्या. उकंडराव गाडीवाल्याला माती नको म्हणून सांगायला निघाले.

"हौद पाहायले... कधी येऊ?" गुलाबरावांनी हलकेच विचारले. "कायमचा पाहायले म्हनतो मी."

कोकिळेने रुमालाची घडी केली आणि कमरेला खोचली.

"केव्हाबी या. पन हा रुमाल परत मिळनार नाही."