लेबलावरचा नंबर

पालमच्या बसमध्ये राजेश्रीला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि गाडी परभणीच्या स्टँडबाहेर पडता पडता एक तरुण पळत येऊन तिच्या शेजारी टेकला. मांडीवर तेलाच्या बाटल्यांचं खोकं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि अंगाला ताज्या तेलाचा खमंग वास. राजेश्रीनं सहज एका बाटलीकडं पाहिलं. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग... ओढणी तोंडावर धरूनही तिला हसू आवरेना.

“काय झालं ओ? हसायलाव कशाला?”

“काही नाही... ते लेबल. वाचा ना मोठ्यानं.”

“लाकडी घाण्याचं शुद्ध...” तो वाचता वाचता थांबला. बाटली डोळ्यांजवळ नेली. लेबलावर छापलं होतं — ‘लाकडी घाण चे शुद्ध करडई तेल’.

“दोन महिने झाले इकायलोय,” तो हळूच म्हणाला. “एका माणसानं सांगितलं न्हाई.”

“म्हणजे कुणी लेबल वाचतच नाही. ते तर त्याहून वाईट!”

आता त्याला राग यायला हवा होता. पण तो तिच्याकडं बघत राहिला, एखाद्या डॉक्टरकडं बघावं तसा. “पण असं होतं कामून? मी तर बरोबर लिहून दिलतं.”

“फॉन्ट उडाला. डिझाइन ज्या कॉम्प्युटरवर केलं, तिथला फॉन्ट छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नसला की जोडाक्षरं अशी गळून पडतात. म्हणून फाइल देण्याआधी अक्षरांचं चित्र करून टाकायचं. आम्ही त्याला कर्व्ह करणं म्हणतो.”

“आमी म्हंजे?”

“माझं डिझाइनचं दुकान आहे. स्टँडमागच्या गल्लीत.”

ताडकळस आलं. तो खोकं सावरत उतरला. नाव विचारलं नाही, सांगितलंही नाही. गाडी हलली तेव्हा राजेश्रीनं खिडकीतून मागं पाहिलं. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, बाटली हातात धरून एकटाच खदाखदा हसत होता.

स्वतःच्या फजितीवर असं हसणारा माणूस तिनं फार दिवसांत पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी तो दुकानाच्या दारात हजर.

“घाणवाला आलाय म्हणावं,” तो म्हणाला, आणि दोघंही हसले. त्याचं नाव योगीराज. शेतीची पदवी घेतलेली, नोकरीच्या मागं न लागता आईला हाताशी घेऊन ताडकळसला घाणा टाकलेला. तेल उत्तम होतं, पण बाटली परभणीच्या दुकानात फळीवर ठेवली की कुणी तिच्याकडं वळून बघत नव्हतं.

“बसा दादा,” राजेश्री सवयीनं म्हणाली. गिऱ्हाईक म्हटलं की दादा, हा तिचा दुकानाचा नियमच.

तो बसला, पण जरा नाराजीनंच. “दादा न्हाई म्हणलं तरी चालतंय.”

त्यानं लेबलासाठी फोटो पाठवला. मोबाइलवर चांगला दिसणारा तो फोटो तिनं मोठा केला आणि सगळं फुटलं, चौकोनच चौकोन. “रिझोल्युशन कमी आहे. चित्र म्हणजे बारीक ठिपके असतात. ठिपके दाट असले तर छपाईत फोटो स्वच्छ येतो. व्हॉट्सॲपवर पाठवला की ते कमी होतात.”

“कणसात दाणे भरले न्हाईत म्हणा की.”

“अगदी!”

मग त्यानं यादी काढली. लेबलावर त्याला देवाचा फोटो हवा होता, आईचा फोटो हवा होता, घाण्याचा, करडईच्या शेताचा, तेलाचे अकरा फायदे, आणि उरल्या जागेत पत्ता.

“तुम्ही कपाशी लावता तेव्हा दोन ओळींत अंतर कशाला सोडता?”

“हवा खेळाया. न्हाईतर झाड वाढतं, बोंड लागत न्हाई.”

“अक्षरांनाही हवा लागते. या मोकळ्या जागेला व्हाइट स्पेस म्हणतात. ती वाया गेलेली जागा नसते. तिच्यामुळंच बाकीचं दिसतं.”

योगीराजनं यादीकडं पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि अकरा फायद्यांवर आडवी रेघ मारली. “बोला. अजून काय उपटायचं?”

लेबल एक, पण फेऱ्या नऊ झाल्या. कधी अक्षर जाड हवं, कधी बारीक. एकदा तर ‘ब्लीड ठेवलंय का?’ एवढंच विचारायला तो आला. कापताना पातं इकडंतिकडं सरकतं, म्हणून रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्त न्यायचा, हे तिनं त्याला आधीच दोनदा सांगितलं होतं.

“हे फोनवर विचारता आलं असतं,” ती म्हणाली.

“फोनवर समजत न्हाई मला... नीट.”

तिनं स्क्रीनकडं तोंड वळवलं, गालातलं हसू त्याला दिसू नये म्हणून.

रंगावरून मात्र खरोखर अडलं. स्क्रीनवरचा पिवळा त्याला आवडला, कागदावर काढला तर मलूल. राजेश्रीनं समजावलं, स्क्रीन उजेडानं रंग करते, कागद शाईनं. दोन्ही सारखे कधीच दिसत नाहीत, म्हणून कागदावरचा रंग बघूनच ठरवायचं. दुसऱ्या दिवशी तो पेपरात गुंडाळून करडईची फुलं घेऊन आला. पिवळी, मधूनच केशरी झाक मारणारी.

“हा रंग पायजे.”

तिनं फुलं हातात घेतली आणि ‘स्स...’ करून बोट झटकलं. करडईचा काटा. त्यानं पटकन तिचं बोट धरलं, बारीकसा काटा अलगद काढला, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन हात असा सोडला की जणू तव्याला लागला.

“मुलीला फुलं द्यायची तर गुलाबाची देतात,” ती म्हणाली.

“मी रंग दाखवाया आणलीत.” त्याचे लाल झालेले कान मात्र भलतंच काहीतरी सांगत होते.

त्या दिवसापासून ‘दादा’ गळून पडलं. कुणी ठरवलं नव्हतं.

लेबल सुरेख झालं. छापण्याआधी तिनं प्रूफ समोर ठेवलं. “ही शेवटची नजर. अक्षर न् अक्षर वाचा, मग सही करा. सही झाल्यावर चूक निघाली तर मला बोलायचं नाही.” त्यानं कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि सही केली.

लेबलाच्या तळाशी तिनं एक ओळ घातली होती — ‘संपायच्या आत फोन करा’. लोकांनी वाचून पुढं काय करायचं ते स्पष्ट सांगायचं, याला कॉल टू ॲक्शन म्हणतात, असं तिनं सांगितलं होतं. लोकांनी ते अगदी मनावर घेतलं.

आठ दिवसांनी सकाळी सात वाजता तिचा फोन वाजला. “दोन लिटर करडई पाठवा.” मग जिंतूरहून एक बाई. मग मानवतचा दुकानदार. चौथ्या फोनला राजेश्रीनं धावत दुकानात जाऊन नमुन्याची बाटली पाहिली. लेबलावर तिचाच नंबर! कच्च्या डिझाइनमध्ये जागा भरायला म्हणून तिनं स्वतःचा नंबर टाकला होता. तोच छापून गेला होता. दोन हजार लेबलांवर.

तिनं योगीराजला फोन लावला. आवाज रडवेला झाला होता. “सगळी लेबलं मी नव्यानं करून देते. माझ्याच धंद्यात मी अशी चूक... तुम्ही प्रूफ वाचलं नव्हतं का हो?”

“वाचलतं की.”

“मग नंबर?”

 “तुमी समोर बसून बोलायलताव. नंबराकडं कोण बघतंय?”

रडायच्या बेतात असलेली राजेश्री हसली. बाटल्या दुकानांत गेल्या होत्या, परत आणणं शक्य नव्हतं. मग ठरलं, ही लेबलं संपेपर्यंत फोन तिनं घ्यायचे आणि त्याला कळवायचं. रोज दुपारी ती ऑर्डरी सांगायची. ऑर्डरी पाच मिनिटांत संपायच्या, बोलणं तासभर चालायचं.

आणि मग एका मंगळवारी तो फोन आला.

“ताडकळसच्या घाणेवाल्याचं घर का? मी तात्याराव बोलायलोय, पालमहून.”

“हो काका. किती लिटर?”

“लिटर न्हाई माय, स्थळ हाय. पोरगा बगितलाय मी घाण्यावर. कष्टाळू हाय, बोलाया गोड हाय. भाची हाय माझी, बीएड झालेली. रविवारी बघाया या म्हणावं.” मग थांबून म्हणाले, “तू कोण? बहीण का त्याची?”

“नाही...”

“मंग कोण गं?”

 “मी... फोन घेते,” ती म्हणाली. “निरोप देते.”

त्या दुपारी तिनं ऑर्डरी सांगितल्या, निरोप सांगितला नाही. रात्री जेवण गेलं नाही. कुणाचा निरोप दाबून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि तो द्यायला जीभ वळत नव्हती. बुधवारी सकाळी तिनं दुकान बंद केलं आणि ताडकळसची बस धरली.

घाणा चालू होता. लाकडाचा जाड दांडा करकरत फिरत होता, पिवळं तेल संथ धारेनं पडत होतं. योगीराज तिला पाहून उठला तो पेंडीच्या ढेपेवरून घसरता घसरता वाचला. त्याची आई मनकर्णाबाई करडई पाखडत बसली होती.

“तुमी? इथं? फोन करायचा की.”

“फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.” राजेश्रीनं एका दमात सांगून टाकलं. “पालमचे तात्याराव. भाची आहे त्यांची, बीएड झालेली. रविवारी बघायला बोलावलंय. झाला निरोप.”

योगीराजनं घाण्याचं बटन बंद केलं. एकदम शांत झालं.

“तुमी काय म्हणलाव त्यान्ला?”

“सांगते म्हणाले.”

“न्हाई म्हणून टाकायचं की.”

“मी कामून न्हाई म्हणू?” चिडली की तिची बोली गावाकडची व्हायची. “माझा काय हक्क हाय? मी निसते फोन घेते!”

“हक्क मागायलो मी,” तो म्हणाला. तिच्यावरची नजर त्यानं हलवली नाही. “पयल्या दिवशी बसमधून उतरलो तवाच वाटलं, हिला नाव इचाराय पायजे होतं. तिथून तीन दिवस परभणीत गल्ल्या हुडकल्या. स्टँडमागं सात गल्ल्या हायत, मालूम हाय का? राजेश्री... मला तुमच्याशिवाय कुणाला बघाया जायचं न्हाई. तुमाला नको असंल तर तसं सांगा. मी पुन्यांदा तोंड दाखवणार न्हाई.”

तिचे डोळे भरून आले. “नऊ फेऱ्या मारल्या,” ती म्हणाली, “आणि एकदाही हे सांगता आलं नाही?”

“धाडस व्हईना.”

“मला तर दहाव्या फेरीची वाट बघायची सवय लागली होती.”

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवलं. “झालं का तुमचं?” त्या म्हणाल्या. “कवापासून पाखडलेलीच करडई पुन्हा पाखडायली मी. पोरी, घरी कोण कोण हाय तुज्या?”

“आई-बाबा. बाबांना विचारावं लागेल...”

“मी येते की इचाराया. रविवार मोकळाच हाय आता.”

तिघंही हसले. मग राजेश्रीला आठवलं, पालमला एक माणूस उत्तराची वाट बघत असेल. तिनं फोन लावला.

“काका, मी घाण्यावरून बोलते. निरोप दिला. पण मुलाचं ठरलंय.”

“आरं! कवा?”

“आत्ताच... पाच मिनिटं झाली.”

“कुठली हाय पोरगी?”

“परभणीची.” तिनं योगीराजकडं पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता. “मीच आहे, काका.”

 तात्यारावांचं गडगडाटी हसू सुपाशी बसलेल्या मनकर्णाबाईंनाही ऐकू आलं.

“मंग काल इचारलं तवा सांगायला काय झालतं? बरं, नांदा सुखानं. आन् पोरी, पाच लिटर करडई लिहून घे. भाचीच्या लग्नाला लागंलच की!”