बुधवारचा पंखा

तो मला पहिल्यांदा भेटला तो जिन्यात, आणि मी त्याला चोर समजले.

यात माझं काय चुकलं? सकाळी साडेनऊला एक अनोळखी माणूस चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावर चाललाय. त्याची काय आरती ओवाळायची? मी हात पसरून वाट अडवली.

"काय आहे त्यात?"

"सर्व्हर."

"खाली ठेवा."

"ठेवतो की... पण आधी तुमचा पाय काढा. वीस किलोचा आहे."

मी पाय काढला आणि चादरीचं टोक उचलून पाहिलं. खरंच लोखंडी धूड होतं. तो घाम पुसत हसला. मला उगीच हसणाऱ्या माणसांचा आणखी संशय येतो.

वर नेऊन आधी त्याला आमच्या वहीत नोंद करायला लावली. वेळ, येण्याचं कारण, आणि शेवटी माझा रकाना. त्यात मी 'तपासलं' लिहून सही करते. कारणापुढे त्याने लिहिलं, 'राउटर बसवणे.'

"हा राउटर? आमचा जुना तळहाताएवढा होता."

"म्हणूनच तर दमला बिचारा. आता हा सर्व्हरच राउटरचं काम करील," तो म्हणाला.

आमचं समुपदेशन केंद्र. लोक इथे येऊन, हल्ली स्क्रीनवरूनही, जे घरात बोलता येत नाही ते बोलतात. त्या सगळ्या नोंदी माझ्या ताब्यात. दोन वर्षांपूर्वी एका तंत्रज्ञाने आमच्या फायलींत डोकावून एका बाईची गोष्ट बाहेर फोडली. ती थेट तिच्या सासरी पोचली. ती बाई पुन्हा कधी आली नाही. तेव्हा केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाई मला एवढंच म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मी केंद्र बंद करीन." तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. केंद्रात तर सगळे मला हवालदारबाईच म्हणतात.

तर हा राउटरवाला काम करायला लागला की मी त्याच्या पाठीमागे उभी. मिनिटामिनिटाला प्रश्न.

"हे काय चढवताय?"

"फर्मवेअर. म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर. याचा सगळा कोड उघडा आहे, कोणीही वाचू शकतं."

"उघडा? आणि तोच आमच्या दाराला लावणार?"

"कुलूप कसं बनवलंय ते सगळ्यांना दिसतं हो. किल्ली मात्र तुमच्याकडेच." मग मान वळवून म्हणाला, "तुम्ही सगळ्यांवरच एवढा संशय घेता, की मी कोणी खास आहे?"

"खास कसले! काम करा."

पण कान गरम झाले माझे. जळलं मेलं!

तिसऱ्या मजल्यावरचे कॉल आता मध्येच तुटेनात. पूर्वी रडता रडता माणूस स्क्रीनवर तसाच गोठायचा, ते थांबलं. काम संपलं, असं मला वाटलं. पण पुढच्या बुधवारी हा पुन्हा हजर. वहीत कारण, 'पंखा साफ करणे.' त्याच्या पुढच्या प्रत्येक बुधवारीही पंखा. "सर्व्हर आहे ना, धूळ फार खातो," म्हणे. माझ्या चहाची बशी मागून घ्यायचा आणि स्क्रू तिच्यात ठेवायचा. एकदा माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पायही न सांगता नीट करून गेला.

कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनाशी म्हटलं. एका पंख्याला इतके बुधवार? आणि बुधवार आला की मी रोजचा विटका कुर्ता सोडून निळा का घालते... त्याचाही मला संशय यायला लागला होता.

मग तो सोमवार आला. जोडलेल्या उपकरणांची यादी मी दर दोन महिन्यांनी एका सोमवारी माझ्या वहीशी ताडून बघते. वहीत शेहेचाळीस नंबर, यादीत सत्तेचाळीस.

मी एकेक संगणक बंद करत गेले, सगळे फोन काढून घेतले. तरी तो जास्तीचा नंबर जागाच. शेवटी दुपारच्या सुटीत मी खुद्द सर्व्हर बंद केला. पंखे थांबले. आणि लॅपटॉपवरून त्या नंबरला संदेश धाडून हाक मारली.

बंद मशीनमधून उत्तर आलं!

म्हणजे हाही तसलाच? बुधवारचं हसणं, ती बशी, तो टेबलाचा पाय... सगळं नाटक? खरं सांगते, केंद्राची काळजी होतीच, पण त्याहून जास्त रडू आलं ते या विचाराने. मी फोन लावला. "आमच्यावर पाळत ठेवायला काय बसवलंय तुम्ही?"

वीस मिनिटांत तो धापा टाकत आला. सर्व्हरच्या मागची तिसरी केबल पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "घरगुती राउटरवर हे फर्मवेअर मी शंभर वेळा चढवलंय. सर्व्हरवर... पहिल्यांदाच. सर्व्हरच्या आत आणखी एक चिमुकला संगणक असतो, मशीन बंद असलं तरी जागा राहतो. पहिल्या दिवशी त्याच्यातूनच काम केलं, आणि केबल काढायची विसरलो. पासवर्डही कंपनीचाच राहिला. कोणालाही ठाऊक असतो तो."

"म्हणजे दार उघडं होतं?"

"होतं. इतके दिवस." त्याने केबल उपटली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. "हा चिमुकला सगळ्याची नोंद ठेवतो. कोण आत आलं, कधी आलं, सर्व्हरचं झाकण कधी उघडलं. मी सांगून तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. स्वतः वाचा. नवा पासवर्डही तुम्हीच टाका. मी तोवर डॉक्टरबाईंना सांगून येतो."

आणि खरंच गेला! मागचा तंत्रज्ञ आठवडाभर ताकास तूर लागू देत नव्हता.

मी ओळ न् ओळ वाचली. पहिल्या दिवशी तो स्वतः आत गेला होता. त्यानंतर कोणी नाही. देवा, सुटले! मी पासवर्ड बदलला, डोळे पुसले, आणि सवयीने राहिलेल्या नोंदीही वाचल्या. चार बुधवारांपूर्वीची एक होती: 'झाकण उघडलं, अकरा दोन. झाकण लावलं, अकरा वीस.'

त्यानंतर एकही नाही.

मी आमची वही ओढली. त्यानंतरचे तीन बुधवार. 'पंखा साफ करणे', 'पंखा साफ करणे', 'पंखा साफ करणे'. शेजारी 'तपासलं' म्हणून माझीच सही!

तो परत आला. "डॉक्टरबाई भरपूर रागावल्या. मग म्हणाल्या, दार उघडं राहिलं तरी पहारा जागा होता, म्हणून केंद्र चालू राहील. माझं मात्र तुम्ही ठरवायचं, असं म्हणाल्या."

"बसा," मी म्हटलं. "झाकण न उघडता पंखा कसा साफ करतात हो?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग वहीकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"पंखा... त्या एकाच दिवशी साफ झाला होता."

"मग तीन बुधवार काय करत होतात?"

"नुसता सर्व्हरपुढे बसून बाहेरचे स्क्रू काढायचो, परत लावायचो. तुम्ही मागे उभ्या असायचात ना..." तो अडखळला. "काम तर संपलं होतं, मग यायला काहीतरी निमित्त नको?"

"आम्हाला खोटी नोंद चालत नाही," मी म्हटलं. आवाज कडक ठेवायचा होता, पण जमला नाही. "दुरुस्त करा."

त्याने पेन घेतलं. तिन्ही ओळींतला पंखा खोडला आणि तिन्ही ठिकाणी एकच लिहिलं, 'हवालदारबाईंना भेटणे.' वही माझ्याकडे सरकवून तो खाली मान घालून बसला.

मी प्रत्येक अक्षर दोनदा वाचलं. मग माझ्या रकान्यात लिहिलं, 'तपासलं. खरं आहे,' आणि खाली सही केली.