दिवा धरणारा भाऊ

कार्मोसिना वेदीपुढच्या दिव्यासाठी तेलाची बाटली घेऊन चर्चमध्ये शिरली, तेव्हा नेपल्सवरची दुपार कलत आली होती. पोवळी काढायला समुद्रावर गेलेला तिचा धाकटा भाऊ अनिएल्लो हिवाळ्यापासून परतला नव्हता. आता तो दिसायचा फक्त इथं, बाजूच्या वेदीवरच्या चित्रात, ख्रिस्ताच्या दफनाच्या वेळी दिवा धरून उभा असलेला. चित्रकार फिलिप्पोनं त्याला तळघरात उभं करून रंगवलं होतं. चित्र लागलं त्या दिवशी अनिएल्लोनं त्याची टर उडवली होती.

“मास्तर, देणगी देणाऱ्या सरदाराचं तोंड अख्खं, आणि माझं अर्धंच? उरलेलं मांजरानं नेलं का?”

“उरलेलं काळोखाचं,” फिलिप्पो म्हणाला होता. “तिथं मी काही काढलेलंच नाही.”

आज मात्र चित्रावर जांभळं कापड होतं. ईस्टरपर्यंत सगळीच चित्रं झाकलेली राहायची. एक कोपरा तरी उघडा ठेवा, म्हणून तिनं फादरांना विनवलं होतं. प्रत्यक्ष देव झाकलाय, तिथं तुझा भाऊ कोण लागून गेला, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि वेदीवर चढून ती कापडाआड शिरली.

आत अंधार नव्हता. मेणाचा, धुळीचा आणि कुठून तरी खाऱ्या पाण्याचा वास येत होता. रंगातला दिवा मंद तेवत होता. त्याची ऊब तिच्या गालाला लागली. घरी आई झुरून काडी झाली होती. आणखी किती दिवस तग धरणार?

“अनिएल्लो... पुरे झालं रे. घरी चल.”

ज्योत हलली, कुणीतरी श्वास सोडल्यासारखी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी घंटा घणघणल्या आणि कापडं उतरली. ख्रिस्ताच्या अंगावर उजेड तसाच होता. दिवा मात्र नव्हता, आणि दिवा धरणाराही. लोक कुजबुजू लागले. कार्मोसिना घराकडे धावत सुटली.

आई दारातच उभी होती. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“आला गं आपला. बस म्हटलं तर भिंत सोडत नाही. दमलाय पोर.”

आतल्या खोलीची खिडकी बंद होती. अनिएल्लो चित्रातल्यासारखाच एका बाजूला वळून उभा होता, हातात दिवा, उजळलेल्या गालावर तेच खट्याळ हसू. ती रडतरडत जवळ गेली, त्याच्या हातातला दिवा घेतला आणि त्याला डोळे भरून पाहायला पलीकडच्या बाजूला वळू लागली.

“ताई,” तो अगदी हळू म्हणाला, “तिकडून नको... तिकडं कुणी नाही.”